उपग्रहाचा नवस

पौषातला रविवार. सोनारीच्या रस्त्यानं सारजाबाई अनवाणी चालली होती. मागून स्टो-बत्त्या दुरुस्तीची पिशवी सायकलला अडकवून आयुब मिस्त्री आला. दोघं खडकेवाडीचेच. त्यानं पाय टेकला.

"आक्का, पायताण कुठं हाय?"

"नवस हाय बाबा. पाच रविवार भैरोबाला अनवाणी जायाचं, बिनमिठाचं खायाचं. आज पाचवा."

"बब्रुवानसाठी?"

"त्या अमेरिकेच्या यंत्रासाठी. आभाळात बंद पडलंय न्हवं का ते? त्याला गुण आला की आपला रेडिओ बोलंल. रेडिओ बोलला की पोरगं जितं हाय का न्हाय, तेवढं कळंल."

आयुबला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कानशिलं तापली.

सारजाबाईचा बब्रुवान चीनच्या लढाईत होता. दिवाळीपासून त्याचं पत्र नव्हतं. लष्करातल्या पोरांचे घरच्यांना निरोप संध्याकाळी रेडिओवर वाचतात, असं परंड्याच्या बाजाराहून आलेली माणसं सांगायची. खडकेवाडीच्या चावडीत सरकारी रेडिओ होता. बॅटरीवर चालणारी लाकडी पेटी, मागच्या फळीला लाखेचं सील. ते तोडायचा हक्क एकट्या तालुक्याच्या साहेबाला. दसऱ्याला साहेब तपासणीला आला, फळी उघडली, पुन्हा सील ठोकलं आणि गेला. त्या दिवसापासून पेटी मुकी. गावानं तीन अर्ज केले. साहेब उगवला थेट मार्गशीर्षात. चहा प्याला आणि खिशातला पेपर चावडीत नाचवला.

"अमेरिकेनं आभाळात सोडलेला दळणवळणाचा उपग्रह बंद पडलाय. समुद्रापार बोलणं पोचवणारं यंत्र ते! तेच बंद, तर तुमचा रेडिओ काय बोलणार?"

माणसांनी माना वर करून आभाळ बघितलं. सरपंच हिंमतरावांनी तर मान डोलावली. आयुबनं तोच पेपर वाचला होता. तो उभा राहिला.

"सायेब, आपला रेडिओ दसऱ्याला बंद पडला, उपग्रह दिवाळीनंतर. अन् आपल्याला आवाज येतो मुंबईहून, जमिनीवरनं. त्या उपग्रहाचा अन् आपला काय संबंध?"

"स्टोला पिना घालणाऱ्यानं पिना घालाव्यात," साहेब म्हणाला. चावडी हसली. आयुब खाली बसला.

त्या खाली बसण्याची त्याला आज लाज वाटली. तो गप्प राहिला म्हणून एक म्हातारी महिनाभर खड्यांवरून चालत होती. आणि तो उपग्रह तरी कशानं मेला? पेपरात शास्त्रज्ञ सांगत होते की आभाळात फोडलेल्या अणुबॉम्बचं विष त्याला बाधलं असावं. अमेरिकेनंच आषाढात उंच आभाळात तसला बॉम्ब फोडलेला. स्वतः यंत्र सोडायचं, स्वतःच आभाळ नासवायचं. त्यांच्या त्या पापाचं पांघरूण घ्यायला इथं तालुक्याचा साहेब तयार, आणि उपास कुणी करायचा, तर सारजाबाईनं!

"आक्का, परत चला. मी आजच पेटी उघडतो."

"दर्शन झाल्याबिगर न्हाय," म्हणून ती पुढं चालू लागली. आयुबनं सायकल उलटी फिरवली.

चावडीत हिंमतराव पान लावत होते. आयुबनं पेटी पालथी केली तसे ते उठलेच. "मिस्त्री, सील हाय त्याला! फौजदारी व्हईल, गावाला बट्टा लागंल!"

"लागू द्या." पेचकस लाखेत घुसला.

आत बॅटरी नव्हती. बॅटरीच्या जागी गोणपाटात गुंडाळलेली वीट होती. पेटी उचलली तर हलकी लागू नये, म्हणून. हिंमतरावांच्या हातातलं पान तसंच राहिलं. सील तर साहेबाशिवाय कुणी लावलं नव्हतं.

"परत बंद कर," ते हळूच म्हणाले. "सायबाशी वाकडं नको."

"सरपंच, तुमचा पोरगा असता तिकडं, मग?"

दिवेलागणीला सारजाबाई अंगारा घेऊन आली. आयुबनं वीट दाखवली. तिनं ती हातात धरून उलटीपालटी केली.

"म्हंजी त्या यंत्रानं माझं पोर अडवलं न्हवतं?"

"न्हाय आक्का."

तिनं वीट पदरात बांधली. "सकाळी तालुक्याला जायाचं."

साहेबाचं घर कचेरीच्या मागंच होतं. दुसऱ्या दिवशी दोघं पोचले, तेव्हा आतून रेडिओवरची गाणी ऐकू येत होती. सारजाबाईनं ओट्यावर वीट ठेवली आणि शेजारी बसली. साहेब बाहेर आला, वीट बघितली आणि त्याचा रंगच उतरला.

"सील कुणी तोडलं?" त्यानं तरी विचारलंच.

"ते मागनं. आधी निरोप लाव. माझ्या पोराचं नाव येईस्तोवर म्या हितनं उठणार न्हाय. अन् हाकललंस तर बाजारात जाऊन इटेचं सांगंन."

तीन संध्याकाळी नाव आलं नाही. ती तिथंच भाकरी खायची, तिथंच निजायची. कचेरीत येणारी माणसं थांबून विचारायची आणि आयुब प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा. चौथ्या संध्याकाळी पन्नासेक माणसं ओट्यासमोर होती, तेव्हा नाव आलं. शिपाई बब्रुवान, मुक्काम खडकेवाडी, पायाला गोळी, इस्पितळात, प्रकृती सुधारते आहे, आईनं काळजी करू नये. सारजाबाईनं तोंडात पदर कोंबला.

गर्दी बघून साहेबाला जोर आला. "बघा! उपग्रह परवाच पुन्हा सुरू झालाय, पेपरात आलंय. म्हणून तर निरोप—"

पुढचं कुणी ऐकलं नाही. आयुब सरळ आत शिरला. चालू रेडिओची मागची फळी काढली आणि तारा सोडवल्या. गाणं मधेच तुटलं. बॅटरीवर खडकेवाडीचं नाव सरकारी शाईनं लिहिलेलं होतं, खोडायचेसुद्धा कष्ट कुणी घेतले नव्हते. त्यानं ती डोक्यावर धरून साऱ्या लोकांना दाखवली.

"फौजदारी करीन तुझ्यावर!" साहेब ओरडला.

"करा की. पंचनाम्यात ही कुठं सापडली, तेवढं लिवा म्हंजी झालं."

आणि बॅटरी खांद्यावर घेऊन तो ओटा उतरला. सारजाबाई उठली. कुणीतरी पुढं केलेल्या वहाणा तिनं पायात घातल्या.