मेन रुंडीच्या हाताच्या मापाचं

देनपसारच्या भाड्याच्या खोलीत सुलेंद्रीला सोबत होती ती फक्त संगणकाची. तो तिचं सगळं ऐकायचा. कितीही जलद सूर लिहा, तो दमत नसे, चुकत नसे, मध्येच उठून कॉफी मागत नसे. कला महाविद्यालयाच्या शेवटच्या परीक्षेसाठी तिला गमेलानची, म्हणजे गाँग, ढोल आणि काशाच्या पट्ट्यांच्या वाद्यमेळाची, रचना करायची होती आणि ती जिवंत वादकांकडून वाजवून घ्यायची होती. वाजली नाही, तर पास नाही. वादक कुठले, हे बालीत कुणी विचारत नाही. ज्याची त्याची वाडी असते, वाडीचं गमेलान असतं. तिच्या डोंगरातल्या वाडीत बायकांचं पथक होतं आणि ती लहानपणापासून त्यात बसत आली होती.

बसायची ती मुस्तिआरीच्या शेजारी. दोघींसमोर काशाच्या पट्ट्यांची दोन वाद्यं. सुलेंद्रीची साधी बाजू, मुस्तिआरीची उलटी. एकीची हातोडी वर असताना दुसरीची खाली, अशा दोन अर्ध्या ओळी मिळून एक धून व्हायची. या जोडीच्या वाद्यांचे सूर मुद्दाम केसभर वेगळे लावतात. दोन्हींवर एकच सूर एकदम पडला की नाद थरथरतो. एकटं वाद्य ताटलीसारखं सपाट वाजतं.

गेल्या साली मुस्तिआरी लग्न होऊन उत्तरेला, सिंगराजाच्या पलीकडे गेली. सासरच्या वाडीची झाली, तिथल्या पथकात बसू लागली. रीतच आहे ती. सुलेंद्रीने लग्नात पाहुण्यांना भात वाढला आणि दुसऱ्या दिवशी ती देनपसारला परतली.

पहिल्या तालमीला तिने तळलेली केळी आणि कॉफी नेली. मोठ्या गाँगपुढे फुलं ठेवून झाली, बायका आपापल्या जागी बसल्या. मुस्तिआरीच्या जागेवर आता मेन रुंडी, म्हणजे रुंडीची आई, बसायची. बाजारात कोबी विकणारी, रुंद मनगटांची बाई. कागद कुणी वाचत नसे. सुलेंद्रीने वाजवून दाखवायचं, त्यांनी उचलायचं.

"परत दाखव," मेन रुंडी म्हणाली. सुलेंद्रीने दाखवलं.

"अगं तुत, हे नुसतं हाताने वाजवायचं की पायही लावायचे?" वाडीत सुलेंद्रीला सगळ्या तुतच म्हणत.

"तिचा हात कोबी तोलायलाच बरा!" ढोलावरून मेन लस्या ओरडली.

"तू बोलू नकोस. गेल्या उत्सवात तुझा ढोल ऐकून देव उठून जात होता."

सगळ्या हसल्या. केळी संपली. ओळ काही बसली नाही. दुसऱ्या तालमीला नाही, तिसऱ्यालाही नाही. तेव्हा सुलेंद्री वाद्याला वळसा घालून मेन रुंडीच्या जागेवर जाऊन बसली. "बघा, अशी." हात निम्म्यात अडखळला. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच अडखळला.

"घ्या! लिहिणारीलाच येत नाही!" मेन लस्याने ढोलावर थाप मारली.

सुलेंद्री हसली नाही. ही ओळ एकाच मनगटाला येणार होती, ठोका नेहमी किंचित आधी टाकणाऱ्या मनगटाला. खोलीत इतके महिने आपल्या कानात उलटी बाजू कोण वाजवत होतं, ते तिला आत्ता कळलं. आणि तिला वाटत होतं, आपण पथकासाठी लिहितोय.

तिने रचनेचं संगणकावरचं ध्वनिमुद्रण मुस्तिआरीला पाठवलं आणि दोन दिवसांनी फोन केला.

"मुस, फक्त परीक्षेपुरती ये. एक दिवस."

"त्याच आठवड्यात आमच्या वाडीच्या देवळाचा उत्सव गं. नैवेद्याची रास रचायला सासूबाई मलाच बसवतात." मुस्तिआरीच्या तोंडी आमची वाडी म्हणजे आता दुसरीच वाडी होती.

"ऐकलंस तरी का?"

"ऐकलं. दुष्ट आहेस. बोटं मोडतील माझी." पलीकडे कुणीतरी हाक मारली. "आले, आई! तुत, ऐक, दुसरं कुणी नाही का वाजवणारं?"

"नाही."

"मग सोपं कर. लिहिणारी तूच ना?"

मग सुलेंद्री संगणक मिटून वाडीतच राहिली. दुपारी बाजार उठला की मेन रुंडीसमोर बसायची. मेन रुंडीचा हात मंद होता, पण ठोका जड पडायचा, आणि डाव्या हाताने पट्टी धरून ती नाद असा तोडायची की मागे काही उरत नसे. त्या हाताला जमेल तेवढंच सुलेंद्रीने ठेवलं. उलट्या बाजूचा एक ठोका काढला की साध्या बाजूचेही दोन हलवावे लागत. निम्मी ओळ एकटी बदलत नाही. आधी पडणारे ठोके गेले, धावत्या जागा गेल्या. उरलं ते मेन रुंडीच्या अंगाचं माप घेऊन शिवल्यासारखं होतं, दुसरीला घातलं तर ढगळ व्हावं असं.

"आता कसं माणसांचं वाटतंय," मेन रुंडी म्हणाली. सुलेंद्रीने मान डोलावली आणि तिला कॉफी ओतून दिली.

परीक्षक गाडी करून वाडीवर आले. वाडीच्या मंडपात बायका जांभळ्या केबाया घालून, केसांत फुलं माळून बसल्या. पायऱ्यांवर माणसं दाटली. रचना सुरू झाली आणि पहिल्या गाँगपासूनच धरून राहिली. मेन लस्याचाही ढोल कुठे सुटला नाही.

मध्यावर, श्वासाएवढ्या मोकळ्या जागेत, सुलेंद्रीने मान वर केली. पायरीच्या टोकाला, उभ्या केलेल्या स्कूटरींजवळ, मुस्तिआरी बसली होती. अंगात प्रवासाचं जाकीट, बाजूला हेल्मेट. घरी काय सांगून आली होती, कोण जाणे. तिचा उजवा हात गुडघ्यावर चालत होता, डाव्याची बोटं प्रत्येक ठोक्यामागून पट्टी धरल्यासारखी मिटत होती. पाठवलेली ओळ तिने बसवून आणली होती, पुरती.

तालमीत हात अडखळायचा ती जागा आली. मुस्तिआरीचा हात निघाला, पहिल्या, न बदललेल्या ओळीच्या लयीत, किंचित आधी. इकडे मेन रुंडीचा जड ठोका पडला, सुलेंद्रीचा त्याच सुरावर पडला, आणि मंडपभर नाद थरथरला. गुडघ्यावरचा हात थोडा पुढे गेला, थबकला, शिरायला जागा शोधत वरच्या वर राहिला. मग तो गुडघ्यावर पालथा पडला.

एका परीक्षकाने मान हलवून काहीतरी टिपून घेतलं. सुलेंद्रीला तिकडे पाहत राहता आलं नाही. पुढचा ठोका साध्या बाजूचा होता, आणि मेन रुंडी हातोडी उचलून त्याची वाट पाहत होती.