काही नाही, पाणी सांडलं

माझ्या काठावर, रुंद बाजूपासून चार बोटांवर, एक पोचा आहे. गव्हाच्या दाण्याएवढा लांब, नखाच्या जाडीएवढा खोल. बोट फिरवले तरच कळतो. एका बाईने कळ आली तेव्हा मला लाथाडले, मी फरशीवर आपटले, त्याची ही खूण. अर्ध्या तासाने तिने माझी माफी मागितली. आजवर माझी माफी मागणारी ती एकटीच.

मित्रांनो, मी एक जुने स्टीलचे बेडपॅन आहे. प्रसूतिगृहात राहते. नाक मुरडून झाले असेल तर पुढे वाचा; झाले नसेल तर सावकाश मुरडा, मी थांबते. छत्रीने, घड्याळाने, शाळेच्या बाकाने आपापली आत्मवृत्ते सांगितली आणि तुम्ही ती वहीत उतरवून घेतलीत. माझे कुणी विचारले नाही. म्हणून मी न विचारता सांगणार आहे, आणि मान खाली घालून तर मुळीच सांगणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. ज्या पत्र्यातून मला कापले, त्याच पत्र्यातून जेवणाची ताटेही कापली. ती स्वयंपाकघरात गेली, मी इकडे आले. घडवताना मात्र आमच्यात कुणी भेद केला नाही. उलट माझ्यावर मेहनत जास्त. काठ घासणारा कारागीर प्रत्येक बेडपॅनवर स्वतःचा गाल टेकवून बघे. "याच्यावर माणूस बसणार, तेही दुखत असताना," तो शेजाऱ्याला सांगे. "ओरखडा उठला तर शिव्या मला बसतील." माझ्यावरून बोट फिरवून तो "झकास" म्हणाला होता. ती माझी पहिली शाबासकी, आणि बराच काळ शेवटचीही.

वॉर्डात मला नुसते 'भांडं' म्हणतात. नाव घ्यायचाही संकोच. नेताना वरून फडके टाकतात, जणू चोरीचा माल चालला आहे.

मी दोन वर्षांचे होते तेव्हा सिस्टर नोकरीला लागल्या. मला एखादीला द्यायच्या आधी त्या कोमट पाण्याने विसळत आणि काठ कोरडा पुसत. गार स्टील अंगाला लागले की स्नायू आखडतात, आणि आखडलेल्या बाईला लघवी होत नाही. इतके साधे, पण त्यांच्याआधी कुणाला सुचले नव्हते.

आता एक गोष्ट नीट ऐका. कपाट अरुंद जिन्यावरून उतरवायचे असेल, तर जिन्यात उभ्या असलेल्यांना आधी बाहेर पडावे लागते. बाळ खाली सरकते तेव्हा असेच होते. त्याचे डोके मागच्या आतड्यावर दाबते आणि तिथे जे असेल ते बाहेर येते. पुष्कळ जणींचे असे होते. यात आईची चूक नाही, बाळाची नाही, आणि माझी तर नाहीच. ती जागेची गोष्ट आहे.

सिस्टरांना हे ठाऊक होते. तसे झाले की त्या चादरीची कड आतल्या बाजूला दुमडत, एका हाताने ओढून घेत, दुसऱ्या हाताने नवी सरकवत. बाईने विचारलेच, "काय झालं हो?" तर ठरलेले उत्तर देत, "काही नाही, पाणी सांडलं."

किती मायेचे खोटे होते ते! आणि त्यानेच घात केला. कारण प्रत्येक बाई घरी जाऊन बहिणीला, जावेला, मैत्रिणीला सांगे, "छे, माझ्या वेळी असलं काही झालं नाही." मग ती बहीण, ती मैत्रीण दुप्पट भीती घेऊन आमच्याकडे येई. ही साखळी सिस्टरांच्या लक्षात आली, त्याला आता अकरा वर्षे झाली. दर गुरुवारी दिवस गेलेल्या बायका तपासणीला येतात आणि सिस्टर त्यांना चार गोष्टी समजावतात. तिथे हे उघड सांगायचे, असे त्यांनी तेव्हाच ठरवले. मेट्रनबाई म्हणाल्या, "शोभतं का ते? तिथे सासवा बसलेल्या असतात, नवरे असतात." सिस्टर घरातून वाक्य घोकून येत, बायकांसमोर उभ्या राहत, कानाच्या पाळ्या लाल होत, आणि त्या लोहाच्या गोळ्यांवर बोलून खाली बसत. अकरा वर्षे, दर गुरुवारी, लोहाच्या गोळ्या.

मग गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी विज्ञानाच्या बाई आल्या. त्या सातवीला शिकवतात. पचनसंस्थेची आकृती त्या तोंडापासून फार छान समजावत आणत आणि शेवटचा भाग घाईघाईने उरकत, हे त्यांनीच नंतर हसत सांगितले. सोबत त्यांची थोरली जाऊ होती.

दुपारी दोनला डॉक्टरांनी तपासले. "गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलंय, पण डोकं वरच अडलंय. बाळाचे ठोके मधूनच मंदावताहेत. अर्धा तास बघू, नाहीतर सिझर."

"खाली जोर द्या, खाली!" सिस्टर म्हणाल्या.

"देतेय!"

"कुठे देताय? सगळा गालांत देताय."

खरेच होते. बाई दात आवळून सगळे आत ओढून धरत होत्या. सिस्टरांनी त्यांच्या पोटावर हात ठेवला. बाळाचा मोठा उंचवटा, मग एक खाच, आणि तिच्याखाली दुसरा छोटा, ताणलेला उंचवटा. तो बाळाचा नव्हता. मूत्राशय काठोकाठ भरून वाट अडवून बसले होते. सिस्टरांनी मला कोमट पाण्याने विसळून आणले. बाईंनी मान फिरवली.

"नको. इथे नको."

"शेवटच्या कधी गेला होतात?"

"पहाटे."

"आणि जेवलात कधी?"

बाईंनी उशीत तोंड खुपसले.

"बाई, जेवलात कधी?"

"परवा."

"परवा?" जाऊ ओरडलीच. "अगं, मग मी वाढून देत होते ते कुठे गेलं?"

"कुत्र्याला घातलं, वहिनी."

"म्हणूनच मेला दोन दिवस तुझ्या मागे मागे फिरत होता!"

"पोट रिकामं असलं की काही होणार नाही, असं वाटलं," बाई धापा टाकत म्हणाल्या. "तुमच्या वेळी काही म्हणजे काही झालं नव्हतं. अख्ख्या घराला सांगितलंत तुम्ही. माझ्या वेळी झालं तर मी घरात कोणत्या तोंडाने वावरू?"

"नव्हतंच झालं. याच खाटेवर होते मी. हो की नाही, सिस्टर?"

मित्रांनो, मी सिस्टरांच्या हातात होते. त्यांची बोटे माझ्या काठावर घट्ट झाली. दोन वर्षांपूर्वी याच खाटेवर त्यांनी काय केले होते, ते मी पाहिले होते. पण ती गोष्ट जावेची होती. तिला न विचारता सांगणे बरोबर नव्हते. यंत्रातले ठोके पुन्हा मंदावले आणि सावकाश वर आले. सोळा मिनिटे उरली होती.

"ताई," सिस्टर जावेला म्हणाल्या, "तुमच्या बाळंतपणातलं एक सांगायचंय. यांच्यासमोर सांगू? नको म्हणालात तर नाही सांगणार."

जावेने सिस्टरांकडे बघितले, मग खाटेकडे. "सांगा."

"तीन चादरी बदलल्या होत्या मी."

"तीन चादरी कशा… अगं बाई! अहो, तुम्ही तर म्हणालात पाणी सांडलं!"

"खोटं बोलले."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

जाऊ आधी लाल झाली, मग पांढरी. मला वाटले, आता ही भांडणार. ती खाटेपाशी गेली आणि तिने धाकटीचा हात घट्ट धरला.

"ऐकलंस ना? तीन! तू दोनात उरकलंस तरी माझ्यापेक्षा हुशार. बस त्या भांड्यावर. घरात कोण काय बोलतं ते मी बघून घेते."

विज्ञानाच्या बाई हसल्या. कळ येत असताना हसल्या, आणि त्या हसण्यात आवळलेले दात सुटले. सिस्टरांनी मला खाली सरकवले, नळ सोडून ठेवला, पडदा ओढला. आधी काहीच झाले नाही. मग थेंब, मग धार. नंतर मोजले तेव्हा सातशे मिलिलिटर भरले. मी तेवढे सगळे पेलले, एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. ही बढाई वाटली तर वाटू द्या. एवढी जोखीम घड्याळाने कधी पेलली आहे का, ते त्याला विचारा.

उंचवटा उतरला. जावेने साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजले. पुढची कळ आली तेव्हा बाईंनी पहिल्यांदा खरोखर खाली जोर लावला. डोके सरकले. आणखी सहा कळांनी मुलगी जन्मली. तिने खोली दणाणून सोडली.

बाईंनी डोळे मिटूनच विचारले, "झालं का?"

"झालं," सिस्टर म्हणाल्या. "दोन्ही."

चादर त्यांनी सर्वांसमोर बदलली. बाईंनी पाहिले आणि मुलीसाठी हात पुढे केले.

मित्रांनो, मला फुले वाहू नका, चकचकीत कपाटात ठेवू नका. फक्त जे शरीर तुम्हाला जगात आणताना दमते, त्याला लाजवू नका. आणि मला नेताना वरचे फडके काढा. माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी सिस्टरांनी ते काढलेच. मला उघडे हातात घेऊन त्या भर व्हरांड्यातून चालत गेल्या. तपासणीच्या खोलीत तीसेक बायका, काही सासवा, भिंतीला टेकलेले चार नवरे. सिस्टरांनी मला टेबलावर मधोमध ठेवले.

"हे इथे कशाला?" मेट्रनबाई दारातून म्हणाल्या.

सिस्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. गोळ्यांची पुडी त्यांनी बाजूला सारली.

"बाळंतपणात जोर लावताना शौच होतं," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पुष्कळ जणींना होतं. मी आजवर ते तुमच्यापासून लपवलं. आजपासून लपवणार नाही."