धुऱ्यापलीकडचा खड्डा

"माय, आज मी बी वावरात येते. हुरडा खायचाय," तनुजा म्हणाली, तेव्हा कावेरीबाई चुलीपुढं बसून शेवटची भाकरी थापत होती.

"सातवा सरत आलाय, बाई. चालवंल का तेवढं?"

"तूच सांगतीस ना, मी पोटात असताना नवव्या महिन्यापर्यंत कापूस वेचला म्हणून?"

"आमचं नको सांगूस. आमाला कोण इचारत होतं? गोठ्यातल्या गाईची तरी व्यायची येळ आली की दावं सैल करतेत." कावेरीबाईनं तव्यावर भाकरी टाकली अन् लेकीकडं बघून हसली. "चल. पर पदर घे पोटावरनं. हुरड्याच्या दिसात नजर बी लई मोकाट फिरती."

पौषातलं ऊन होतं. अंगावर आलं की बरं वाटावं अन् सावलीत गेलं की हुडहुडी भरावी, असं. लोह्याहून गावाकडं येणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला किशनचं, तनुजाच्या बापाचं, वावर. काळी माती सुकून भेगाळली होती, इतकी की विळा पडला तर हाताला लागू नये. ज्वारी कमरेच्या वर गेली होती. पलीकडं तूर वाळून खडखडत होती अन् किशन एकटाच ती कापत होता.

मायनं गोवऱ्यांची आगटी पेटवली. कणसं भाजून हातावर चोळली, फुंकर मारून भुसा उडवला अन् गरम दाणे लेकीच्या ओंजळीत टाकले. सोबत जवसाची चटणी. तनुजानं दोन घास खाल्ले अन् मायचा हात ओढून पोटावर ठेवला.

"बघ, कशी लाथा मारून राहिली."

"नातच हाय. पोरगी पोटात बी गप बसत न्हाई, काम करती. पोरगं असतं तर लोळत पडलं असतं आपल्या आज्यावानी."

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. किशन दूर होता. तो जवळ असला की त्या घरात असं हसणं होत नसे.

किशन वाईट माणूस आहे, असं गावात कोणी म्हणत नव्हतं. सरळ माणूस, डोकं तेवढं गरम, असं म्हणत. गावात त्याच्या रागाला एक मान होता. कावेरीबाईला डाव्या कानानं ऐकू येत नसे. तनुजा आठ वर्षांची असताना लोह्याच्या डॉक्टरनं विचारलं होतं, काय झालं? तेव्हा तनुजानंच सांगितलं होतं की म्हशीनं शिंग मारलं. मायनं वाटेत शिकवलं होतं तसं. पुढं मायचा हात मोडला तेव्हा शिकवावं लागलं नाही. लेक लातूरला शिकली, बी.ए. झाली, पुस्तकांचे गठ्ठे वाचले, पण म्हशीनं शिंग मारलं हे वाक्य तिच्या तोंडातून कधी उलटं फिरलं नाही.

तेवढ्यात धुऱ्याकडून आवाज आला. किशनच्या अन् त्याच्या थोरल्या भावाच्या, व्यंकटच्या वावरामधला मातीचा बांध म्हणजे धुरा. त्याच्यावर तुरीची एक ओळ उभी होती अन् किशनचा विळा तिथवर पोचला होता.

"ए किसना! ती ओळ काहून कापून राहिलास? पेरली कुनी ती?" व्यंकट काठी टेकत आला. साठी ओलांडलेला माणूस, डोक्याला मळकं पागोटं.

"धुरा अर्धा माझा हाय."

"धुरा अर्धा आसंल. तूर अर्धी कशी? बी माझं, पेरणी माझी."

"माझ्या बापानं घातलेला धुरा हाय ह्यो!"

"अन् माझा बाप काय मोंढ्याच्या बाजारातून आणला होता का रं?"

आगटीपाशी तनुजाला हसू फुटलं. ते ओठांवर असतानाच पहिला फटका पडला. किशननं विळा टाकून कुऱ्हाडीचा मोकळा दांडा उचलला होता अन् तो व्यंकटच्या बरगडीत बसला होता. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज आला. व्यंकट वाकला, पण त्यानंही काठी फिरवली. डोळे गच्च मिटून, कुठं लागेल तिथं लागू दे म्हणून फिरवली. ती किशनच्या खांद्याला लागली. मग किशन थांबला नाही. पागोटं उडालं, टाळू फुटली, रक्त भुवईवरून खाली आलं. व्यंकट तुरीत पडला तरी काठी आंधळ्यासारखी हवेत फिरवत होता. त्याच्या छातीवर पाय देऊन किशननं दांडा डोक्यावर घेतला.

आता हा मेला, हे तनुजाला कळलं. ती उठली. पोट धरून जमेल तेवढं पळाली अन् मागून तिनं दांडा दोन्ही हातांनी धरला.

"बापू, मरंल त्यो! सोडा!"

किशन वळला. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग पोटाकडं, मग परत तोंडाकडं. अन् गव्हाणीत घुसणाऱ्या परक्या बैलाला ढकलावं तसा दांड्याचा बुंधा सरळ तिच्या पोटात मारला.

ती ढेकळांवर बसली. आधी दुखलं नाही. आधी फक्त पायांना गरम लागलं.

व्यंकटनं डोळे उघडले तेव्हा पुतणी खाली पडली होती अन् त्याची काठी तिच्या अंगाशेजारी होती. कावेरीबाई आगटीपाशी उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं.

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं विचारलं, "मार कशाचा?"

पडद्याआडून किशननं उत्तर दिलं, "धुऱ्यावरनं पाय घसरला, म्याडम. दगडावर आदळली."

"तुम्ही सांगा," डॉक्टरीण तनुजाला म्हणाली.

तनुजानं मान हलवली. हो, घसरलाच.

पोरगी झाली. मेलेली. डोक्यावर मूठभर जावळ होतं, नखं आली होती, डाव्या कुशीवर रुपयाएवढा निळा डाग होता. तनुजाचा नवरा हरिओम लातूरला शिकवणीच्या क्लासात कारकून होता. तो सकाळच्या गाडीनं पोचला तेव्हा पोरगी हिरव्या कापडात गुंडाळलेली होती. नर्सनं हळू आवाजात विचारलं, तुम्ही नेणार, का इथंच व्यवस्था करायची?

"आमी नेणार," किशन मोठ्यानं म्हणाला. "आमचं लेकरू हाय. माझ्या वावरात माती देतो तिला."

हरिओमचे डोळे भरून आले. तरी तो म्हणाला, "मामा, आमच्याकडं अहमदपूरला न्यावं म्हणतो. रिवाजानं लेकरू सासरच्या मातीत..."

"बाळंतपण माहेरचं, तर माती बी माहेरची," किशन म्हणाला. असा रिवाज कोणी ऐकला नव्हता. पण सासऱ्याचं दुःख मोठं दिसलं, म्हणून हरिओमनं हिरवं कापड उचलून हातात घेतलं.

डॉक्टरीण म्हणाली, बाईला दोन दिवस हलवू नका. तनुजानं स्वतःच्या जबाबदारीवर सही केली अन् जीपच्या मागच्या सीटवर आडवी झाली. डोकं मायच्या मांडीवर. पुढं हरिओमच्या मांडीवर हिरवं कापड. किशन फोनवर बोलत होता, गावच्या पोलीस पाटलाशी, बजरंगशी.

"खड्डा घेऊन ठेवा, पाटील. धुऱ्यात न्हाई, धुऱ्यापल्याड दोन हात. हाव, व्यंक्याच्या अंगाला. त्यानंच मारली माझी पोर, तवा जागा त्यानंच द्यायची. लेकराच्या हाडावर नांगर फिरवून दाखव म्हणावं... केस न्हाई करायची. भावकीतला मामला. धुऱ्यालगतची पट्टी सोडतो म्हणून कागुद लिहून दे म्हणावं, न्हाईतर ठाण्यात जातो."

हरिओमनं चमकून मागं बघितलं. "काकांनी मारलं? दवाखान्यात तर घसरली म्हणाले."

"भावाला तुरुंगात घालवत न्हाई माणूस, जावईबापू," किशन म्हणाला.

तनुजा छताकडं बघत होती. छाती दुधानं ताठली होती, चोळी ओली झाली होती. मायनं तिच्या कानाशी तोंड नेलं.

"बोलू नकोस, बाई. हात जोडते. आपलेच दात अन् आपलेच ओठ."

"माय, काका फुकट..."

"तू जाशील लातूरला. मला त्याच घरात ऱ्हायचंय. सांग, तू गेल्यावर मी दार कुनाचं वाजवू?"

तनुजानं डोळे मिटले. जीप खडीवर आदळायची तेव्हा टाके ओढले जायचे.

वावरात भावकीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. दात न आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. खड्ड्याच्या काठावर खडेमिठाची पिशवी होती. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर टाकायच्या बाभळीच्या काट्या बाजूला पडल्या होत्या. खड्डा धुऱ्यापलीकडं होता, पुरे दोन हात आत. जिथं लेकरू निजतं तिथं कोणी नांगर घालत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दोन हातांवर खड्डा म्हणजे धुराच दोन हात सरकला, हेही ठाऊक होतं.

व्यंकट आला. डोक्याला फडकं बांधलेलं, बरगडी हातानं दाबून धरलेली. मागं त्याची बायको साखराबाई. त्यानं खड्ड्यापाशी येऊन धाकट्या भावापुढं हात जोडले.

"किसना, पट्टी घे. कागुद आण, अंगठा देतो. पर पोरीला सांग, मला माफ कर म्हणावं. माझी काठी कुठं फिरली मला न्हाई ठाव रं."

किशननं पायातली चप्पल काढली अन् थोरल्या भावाच्या तोंडावर मारली. एकदा, दोनदा. फडक्यातून परत रक्त आलं. तिसऱ्यांदा व्यंकट गुडघ्यावर बसला.

"मार, किसना. मार. माझाच हात लागला आसंल."

साखराबाई ओरडली, "अवो, कुनी धरा की! माणसं हायत का दगडं?"

"धरून काय करावं, वहिनी?" कोणीतरी म्हणालं. "त्याची नात गेली."

बजरंग पाटील घसा खाकरून म्हणाला, "झालं आता. आधी माती उरकू, मग कागुद. जावईबापू, आणा हिकडं लेकरू."

हरिओम पुढं झाला. एका गड्यानं खड्ड्याच्या तळाला मीठ पसरलं.

"थांबा," तनुजा म्हणाली.

ती जीपमधून उतरली होती. मायच्या खांद्यावर भार देऊन ढेकळांतून येत होती. एक म्हातारा कुरकुरला, "बायांनी यायचं नसतंय हितं. त्यात ओली बाळंतीण. इटाळ हाय."

"इटाळ माझाच हाय, आज्जा. लेकरू बी माझंच." ती खड्ड्यापाशी थांबली. दम लागला होता. "अहो, तिला खाली ठेवू नका. आपण अहमदपूरला नेऊ."

हरिओमनं कापड छातीशी धरलं.

"तने, जीपमधी जाऊन बस," किशन म्हणाला. चप्पल अजून त्याच्या हातात होती.

"काका, उठा," तनुजा म्हणाली. "तुमचा हात लागला न्हाई."

व्यंकटनं वर बघितलं. "मी डोळे मिटले होते, बाई. काठी कुठं बसली..."

"माझे उघडे होते."

किशन एक पाऊल पुढं आला. मायचा हात तनुजाच्या कोपराला इतका घट्ट आवळला गेला की नखं रुतली. तनुजानं मायकडं बघितलं. मायनं नवऱ्याच्या हातातल्या चपलेकडं बघितलं, जावयाच्या छातीवरल्या हिरव्या कापडाकडं बघितलं, अन् एकेक बोट सोडवून हात काढून घेतला.

"काय बघितलंस गं तू?" किशननं दात खाऊन विचारलं. "सांग ना. समद्यांसमोर सांग. काय बघितलंस?"

"तुमाला बघितलं, बापू," तनुजा म्हणाली. आवाज चढला नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "दांडा तुमच्या हातात होता. तुमी माझ्या तोंडाकडं बघितलं, पोटाकडं बघितलं, अन् मग मारलं. काकानं न्हाई. माझ्या पोरीला तुमी मारलं."