महाराणीची धार

सासूबाईंची शेळी भारी तोऱ्याची. घरात सगळे तिला महाराणीच म्हणायचे. धार काढू द्यायची ती फक्त सासूबाईंना. सून जवळ बसली की लाथ, आणि भांडं उपडं.

"मुक्या जिवाला माया कळते हो," सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या आणि सुनेच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मग सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. सकाळी महाराणीने थेंबभर दूध काढू दिलं नाही. संध्याकाळपर्यंत तिची कास दगडासारखी तटतटली. सून रडकुंडीला आली. तेवढ्यात खुंटीवर सासूबाईंची गोठ्यातली शाल दिसली. धुराच्या आणि लेंड्यांच्या वासाने अगदी मुरलेली. सुनेने ती डोक्यावरून घेतली, सासूबाईंसारखीच दोनदा खाकरली आणि खाली बसली. महाराणी निवांत रवंथ करत राहिली. भांडं काठोकाठ भरलं. त्या दिवसापासून रोज हेच.

सासूबाई परतल्या त्या लेकीने दिलेली कोरी शाल मिरवत, सोबत शेजारणीला घेऊन. "बघाच आता, कशी माझ्या वाटेकडे डोळे लावून बसली असेल!" म्हणत त्या धारेला बसल्या. महाराणीने नवी शाल हुंगली आणि अशी लाथ झाडली, की सासूबाई थेट चाऱ्याच्या ढिगात.

शेजारीण तोंड दाबून हसली. सून हात द्यायला धावली. सासूबाईंनी तिच्या अंगावरची जुनी शाल पाहिली आणि काय ते ओळखलं. केसांतला चारा झटकत त्यांनी हात पुढे केला.

"आण इकडे माझी माया."