होता म्हणा

शोक कसा करायचा हे शिंपीणबाईंना वयाच्या बावन्नाव्या वर्षी शिकावं लागलं, तेही सहा आठवड्यांच्या वर्गात, हजेरीसकट.

युद्धात घर गेलं, नवरा डोळ्यांदेखत गेला आणि मुलगा सीमेवरच्या गर्दीत हातातून सुटला तो सुटलाच. एवढं सगळं होऊनही बाईंना दुःख नीट करता येत नाही, असं निर्वासित छावणीच्या कार्यालयाचं मत पडलं. म्हणून शहरातून समुपदेशक मॅडम येऊ लागल्या. त्या दर दहा मिनिटांनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवत, तेव्हा बायकांनी त्यांचं नाव रुमालबाई पाडलं. वर्ग पुरा करणारीला दाखला मिळे, 'दुःखातून सावरली' असा. आणि दाखला दाखवला की मोठ्या हॉलमधल्या चादरीच्या आडोशातून उचलून स्वतंत्र खोली मिळे. दाराची, आतून कडी असलेली. कपडे बदलताना कुणी डोकावणार नाही अशी खोली शिंपीणबाईंना जिवापाड हवी होती.

घोडं अडलं एका शब्दावर.

"मुलाविषयी बोला," रुमालबाई म्हणाल्या.

"माझा मुलगा फार हट्टी आहे."

"होता. होता म्हणा. स्वीकार ही आपल्या वर्गातली चौथी पायरी आहे."

"अहो, पण तो आहे."

असं पाच आठवडे चाललं. बाकीच्या बायका पायऱ्या चढून गेल्या, शिंपीणबाई तिसरीवरच बसून राहिल्या.

संध्याकाळी सगळ्या हॉलच्या कोपऱ्यात प्रार्थनेला बसत. ज्यांची माणसं गेली त्या शांती मागत, ज्यांची हरवली त्या त्यांच्या पोटापाण्याचं बघायला सांगत. देवाला कामं नीट वाटून दिलेली होती. रुमालबाईंच्या फॉर्मवर यासाठी रकाना होता, 'समोर नसलेल्या व्यक्तीशी बोलते'. त्यात अख्ख्या हॉलच्या नावापुढे खूण होती.

"म्हणून टाक की एकदाचं," सुईणमावशी म्हणाल्या. छावणीतल्या त्या सर्वांत वडील, आणि तोंडाच्या फटकळ. "देवाशी मी बोलते."

आणि बोलल्याही. "उद्या अकरा वाजता ही जे बोलेल त्याकडे कानाडोळा कर. पोरीला खोली हवीय. मनावर घेऊ नकोस." देवाला दोन मिनिटांची रजा द्यायचा ठराव एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी अकराला शिंपीणबाईंनी डोळे मिटले आणि औषध गिळावं तसं म्हणून टाकलं, "मुलगा हट्टी होता."

रुमालबाईंना इतकं भरून आलं की त्यांनी स्वतःच एक रुमाल घेतला. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने दाखल्यावर शिक्का मारला आणि दुसरी फाइल ओढली.

"आता हे बंद करतो."

"काय बंद करता?"

"बेपत्ता यादीतलं नाव. होता म्हणालात ना, मग शोध थांबतो."

शिंपीणबाईंनी फाइलवर हात ठेवला. "थांबा. आहे लिहा."

"मग खोली मिळणार नाही."

"नको."

रुमालबाई हळूच म्हणाल्या, "अशा आशेवर किती दिवस काढणार? त्रास होत नाही का?"

"होतो की. रोज उठल्यावर आतडं तुटतं." शिंपीणबाईंनी फाइलवरचा हात काढला नाही. "पण मॅडम, मी रोज देवाला सांगते, त्याला दोन घास मिळू देत. एकदा होता म्हटलं की देवाने जेवायला घालायचं कुणाला?"

रुमालबाईंनी रुमालांचा डबा पुढे सरकवला. कारकुनाने दाखल्यावर आडवी रेघ मारली आणि शेरा लिहिला, 'सावरली नाही.'

बाहेर जेवणाच्या रांगेत सुईणमावशी उभ्या होत्या. "काय झालं गं?"

"नापास झाले," शिंपीणबाई म्हणाल्या, आणि मावशींच्या खांद्यावर डोकं ठेवून सहा आठवड्यांत पहिल्यांदा रडल्या.