असल कागद

आवडाबाईचं बटण तिसऱ्यांदा काजातून निसटलं, तशी सूनबाई मदतीला पुढे सरसावली आणि मी तिचा हात धरला.

“थांबा,” मी म्हटलं. “आपण फक्त बघायचं.”

आवडाबाई देवगाव रंगारीची. उजव्या हाताची चार बोटं कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेली. टेबलावर तिच्या नवऱ्याचा शर्ट पसरलेला आणि त्याची बटणं तिनं डाव्या हातानं लावायची. आमच्या कामात सगळ्यात अवघड गोष्ट कोणती विचाराल, तर आपले दोन धडधाकट हात आवरून बसणं. नातेवाइकांना वाटतं, बाई दगडाच्या काळजाची आहे. पाचव्या खेपेला बटण बसलं. आवडाबाईनं सूनबाईकडे पाहिलं आणि मला म्हणाली, “ह्या नव्या म्याडमला दम नाय.”

सूनबाई हसली, मीही हसले. तेव्हा ती मला मनापासून आवडायची, हे कबूल केलेलं बरं.

सूनबाई म्हणजे आमच्या दवाखान्याचे संस्थापक नानासाहेब, त्यांची धाकटी सून. तिला स्वतःचं नाव होतं, पण शिपायापासून सर्जनपर्यंत कुणी ते वापरत नसे. माझ्यासारखीच पदवी, ऑक्युपेशनल थेरपीची, तिनं वर्षापूर्वी घेतली होती. हात गेला, अर्धांग झालं, तर जेवण, वेणी, भाकरी, सही हे सगळं पुन्हा कसं करायचं, ते आम्ही शिकवतो. लोक आम्हाला मालिशवाल्या समजतात आणि आम्ही आता समजावणं सोडून दिलं आहे.

अकरा वर्षांपूर्वी मी गारखेड्यातल्या या दवाखान्यात लागले, तेव्हा जिन्याखालची एक खोली, दोन खुर्च्या आणि एक मोडका पलंग एवढाच माझा विभाग होता. “फहमिदा, तू काम उभं कर,” नानासाहेब म्हणाले होते. “मास्टर्सला तुला मी पाठवतो. माझा शब्द.” मी काम उभं केलं. तीन वर्षांपूर्वी प्रवेश परीक्षाही पास झाले. तेव्हा ते म्हणाले, बेटा, तू गेलीस तर विभाग बंद पडेल, थोडं थांब. मी मिळालेली जागा सोडली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. एका माणसाच्या शब्दावर सोडली.

यंदा पुन्हा पास झाले. चाळिशीला दोन वर्षं कमी, आणि आजूबाजूला बाविशीतल्या पोरी. नानासाहेबांनी स्वतः पेढे मागवले आणि तीन कामं सांगितली. माझ्या जागेवर सूनबाईला तयार करायचं. अकरा वर्षांतल्या सगळ्या हातांच्या नोंदी टाइप करून द्यायच्या, पुढे प्रबंधाला लागतील. आणि पदवीचे मूळ कागद ऑफिसात जमा करायचे, कारण शिफारशीची फाईल दवाखान्याच्या ट्रस्टमार्फतच कॉलेजला जाते.

फारूखचं, माझ्या नवऱ्याचं, उस्मानपुऱ्यात घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. तो फारसा बोलत नाही. त्या दिवशी मात्र म्हणाला, “असल कागदां नक्को देऊ. झेरॉक्स दे.” मी त्याच्यावर चिडले. दुकानात बसून बसून तुला सगळं जग गिऱ्हाईक दिसतं, असंही बोलले. दुसऱ्या दिवशी मी कागद देऊन आले.

प्रवेशाला चार दिवस उरले तरी शिफारसपत्र हातात येईना. ऑफिसात बद्रीनाथ म्हणून हेडक्लार्क आहेत. मी विचारलं की ते चष्मा पुसायला घेत. त्या दुपारी मी त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसलेच. ते एक फाईल माझ्यासमोर ठेवून पाणी प्यायला उठून गेले.

शिफारसपत्र तयार होतं. सूनबाईच्या नावाचं. ट्रस्टला एकाच जागेसाठी नाव सुचवता येत होतं आणि ती जागा घरात गेली होती. माझ्या अर्जावर शेरा होता, ‘विभागात पर्यायी तज्ज्ञ उपलब्ध नसल्याने नामंजूर.’ पर्याय तर मीच इतके दिवस घडवत होते.

पत्राखाली तिच्या प्रबंधाचा आराखडा होता. विषय, शेतीच्या यंत्रांनी जायबंदी झालेले हात. आकडे माझे होते, वाक्यं माझी होती, एके ठिकाणी माझी टाइपाची चूकसुद्धा तशीच होती. त्याला पेशंटांची संमतिपत्रं जोडलेली होती आणि सगळ्यात वर आवडाबाईचं. त्यावर तिची डाव्या हाताची सही होती. ती सही शिकवायला मला सहा आठवडे लागले होते. इतका वेळ मी फाईल शांतपणे वाचत होते. ती सही पाहिली आणि माझे डोळे भरून आले.

मी तशीच नानासाहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी बस म्हटलं, चहा सांगितला.

“घरची मुलगी आहे, बेटा. उद्या विभाग मोठा करायचा तर डिग्री घरात पाहिजे. काम तुझंच राहणार आहे. तुला कुणी हलवणार नाही.”

“नोंदी माझ्या आहेत, सर.”

“दवाखान्याच्या आहेत.”

मग मी म्हटलं, शिफारस नको. खुल्या यादीतही माझा नंबर लागतोय. राजीनामा देते, प्रवेशाला लागणारे माझे मूळ कागद तेवढे परत द्या.

ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “कागद ट्रस्टच्या कपाटात आहेत. किल्ली काकासाहेबांकडे, आणि ते गावाला गेलेत. आले की बघू.”

काकासाहेब म्हणजे ट्रस्टचे खजिनदार. त्यांना मी सकाळीच इथं गाडी लावताना पाहिलं होतं. तसं बोलूनही दाखवलं. नानासाहेब म्हणाले, चहा गार होतोय. मी चहाला हात न लावता उठले.

दुसऱ्या दिवशी आवडाबाई आली, तेव्हा मी सहीचं विचारलं. ती गोंधळली.

“सूनबाई म्हनल्या, फहमिदा म्याडमच्या अभ्यासाला लागती. म्हनून केली. नायतर मी कशाला करीन?” मग माझं तोंड पाहून हळूच म्हणाली, “काय चुकलं का माझं?”

तुमचं काही चुकलं नाही, असं मी सांगितलं. तेवढं तरी खरं होतं. सूनबाई त्याच संध्याकाळी प्रवेशासाठी गेली. समोर आली नाही. मोबाइलवर निरोप आला, ‘मॅडम, तुमचे आशीर्वाद असू द्या.’ आशीर्वाद माझ्याकडे नव्हते. मी निरोप पुसला.

घरी फारूखला सगळं सांगितलं. मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. कोरे कागद आणि पेन समोर ठेवून म्हणाला, “लिखके मांग. रोज मांग.”

तेव्हापासून रोज साडेदहाला, काम सुरू करायच्या आधी, मी एक अर्ज देते. विषय, मूळ शैक्षणिक कागदपत्रे परत मिळणेबाबत. बद्रीनाथ तो आवक नोंदवहीत चढवतात, नंबर घालतात आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारतात. तिसऱ्या अर्जाच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता प्रवेशाची मुदत संपली. तेव्हा मी एका म्हाताऱ्याला चमचा धरायला शिकवत होते.

आज सतरावा अर्ज. बद्रीनाथांनी तो हातात घेतला आणि आजूबाजूला कुणी नाही हे पाहून म्हणाले, “म्याडम, मुदत तर कधीच गेली. आता ह्याचा काय उपयोग?”

“माझे आहेत,” मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली, वहीत नंबर चढवला आणि शिक्का मारला. तो अर्धवट उमटला, तारीख दिसेना. मी प्रत पुन्हा त्यांच्यासमोर सरकवली.

“नीट मारा,” मी म्हटलं, आणि ते शाईची डबी उघडेपर्यंत उभी राहिले.