काही नाही होत

"काय होत नाय, असं तुमीच बोल्लात ना?" गुलशनबींनी दार अर्धंच उघडलं. "मग माझा नातू, माज, दोन दिवस तापानं फणफणला, तो काय हौसेनं?"

दारात वेणू उभी होती. पनवेलच्या त्या वस्तीत बावीस वर्षं पोरांना लस टोचणारी सिस्टर. टोचल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या, हे तिच्याकडून प्रशिक्षणात घोकून घेतलेलं.

एक. कोणती लस, कशासाठी.

तीन. पुढची तारीख.

चार. कार्ड जपून ठेवा.

दुसरी, लसीनं काय त्रास होईल ही, ती गाळायची. ताप म्हटलं की बायका पुढच्या वेळी फिरकत नाहीत, म्हणून त्या जागी नुसतं म्हणायची, "काही नाही होत."

माजचा दुसरा डोस सहा आठवडे रखडला होता. ही लस ज्यावरची, त्या डांग्या खोकल्याचं एक पोर शेजारच्या गल्लीत निघालं होतं.

"अम्मी, आत तरी येऊ द्या त्यांना," माजला खांद्यावर घेतलेली सून आफरीन म्हणाली.

"तू गप. याचा बाप आदिल कुवेतला. पोराला काय झालं तर त्याला जबाब कोन देनार?"

वेणू पायरीवरच बसली.

दोन.

"ताप येईल, शंभर-एकशेएकपर्यंत," ती म्हणाली. "आज संध्याकाळीच. मांडी लाल होईल, सुजेल. गाठ राहील थोडे दिवस, ती चोळायची नाही. किरकिर करेल. मी देते ते औषध मोजून पाजा. पण ताप फार चढला, आकडी आली, तीन तास रडं थांबेना, तर मला विचारत बसू नका. थेट दवाखाना."

"मग मागे का नाय सांगितलंत?"

"तुम्ही परत येणार नाही म्हणून."

"मग आलो का?"

वेणूनं औषधाची बाटली काढून पायरीवर ठेवली. गुलशनबींनी ओढणी डोक्यावर घेतली. "आफरीन, कार्ड आन."

अंगणवाडीत सुई डाव्या मांडीत गेली आणि माजनं टाहो फोडला. "काही ना—" वेणूच्या तोंडातून निघालं. ती थांबली. "दुखलं रे," म्हणाली.

अर्धा तास तिघींनी पोराकडे बघत काढला. जाताना गुलशनबींनी वेणूचा नंबर कार्डावर लिहून घेतला.

संध्याकाळी सहाला फोन वाजला. वेणू कणीक मळत होती. तशाच हातानं तिनं तो उचलला.

"ताप आला," गुलशनबी म्हणाल्या.

"किती?"

पलीकडे माज कुरकुरत होता.

"तुमी बोल्लात तेवढाच."